भट्टीवरची बाई कोणाच्या यादीत?

निर्वासित, रोगांच्या साथी आणि स्त्रियांचे हक्क या तिन्ही विषयांवर जगभर परिषदा भरतात, करार होतात, निधी जमतो. पेण-रोह्याच्या डोंगरउतारावरच्या कातकरीवाड्यांपर्यंत त्यातलं काय येतं, हा प्रश्न वाड्यांवर आयुष्य घालवलेले कार्यकर्ते विचारतात, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. त्यांचं म्हणणं मी इथे एका ताईंच्या तोंडी घातलं आहे. ताई कल्पित आहेत, आक्षेप खरे आहेत. ते शक्य तितके धारदार ठेवले आहेत, कारण बोथट आक्षेपाला दिलेलं उत्तर कुणाच्याच कामाचं नसतं.

ताई म्हणतात, "दिवाळी झाली की वाडीला कुलपं लागतात. कुलूप तरी कुठलं, दाराला काटक्या लावायच्या आणि निघायचं. कुणी वीटभट्टीवर, कुणी कोळसाभट्टीवर. पावसाळ्यातच शेठकडून अंगावर पैसे घेतलेले असतात, ते फेडायला अख्खं घर जातं, म्हातारी जाते, तान्हं मूल जातं. मे अखेरीला परत येतात तेव्हा हिशेबात पुन्हा काही तरी राहिलेलंच असतं. आता सांगा, जिनिव्हातल्या कोणत्या कचेरीत या बाईचं नाव आहे? तुमच्या हिशेबी ती निर्वासित नाही. तिला ताप आला तर ती साथ नाही. नवऱ्याच्या नावावर उचल आहे म्हणून ती मजूरसुद्धा नाही. मग या सगळ्या जागतिक प्रयत्नांचं आम्ही करायचं काय?"

ताईंचं निरीक्षण बरोबर आहे. निष्कर्ष मात्र मला पटत नाही. १९५१ च्या निर्वासितविषयक कराराप्रमाणे निर्वासित ठरायचं तर माणसानं देशाची सीमा ओलांडलेली असावी लागते आणि त्यामागे छळाची साधार भीती असावी लागते. भारतानं त्या करारावर सही केलेली नाही, पण केली असती तरी पेणहून पनवेलला गेलेल्या कातकरी कुटुंबाला तो लागू झाला नसता. आपल्याच देशात विस्थापित झालेल्यांसाठी संयुक्त राष्ट्रांसमोर १९९८ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं मांडली गेली. ती युद्ध, हिंसाचार, आपत्ती आणि मोठे प्रकल्प यांच्याबद्दल बोलतात, दरवर्षी ठरल्या वेळी उठणाऱ्या वाडीबद्दल बोलत नाहीत. पण दोष फक्त परदेशी कागदाचा म्हणावा, तर आपला १९७९ चा स्थलांतरित कामगारांचा कायदा बघा. त्याच्या नावातच 'आंतरराज्य' आहे. रोह्याचं कुटुंब कर्नाटकात कोळसा पाडायला गेलं तर त्याला निदान कागदोपत्री संरक्षण. तेच कुटुंब पुणे किंवा सोलापूर जिल्ह्यात गेलं तर नाही. २०२० च्या कामगार संहितेनं तो कायदा आपल्यात सामावून घेतला, तरी व्याख्येतली राज्याची सीमा तशीच राहिली. म्हणजे जिनिव्हात जी चूक झाली तीच दिल्लीतही झाली. दोन्हीकडे आधी नकाशावरची रेघ पाहिली गेली, माणसाची वाताहत नंतर. कोणाला मोजायचं हे ज्या व्याख्येनं ठरतं, ती व्याख्या कोण लिहितं आणि ती बदलायला कोण भाग पाडतं, माझ्या मते वाद तिथे आहे.

ताईंना हे मान्य नाही. "व्याख्या कशाला हव्यात? आपल्या कोकणानं आसरा दिला तेव्हा कोणता करार होता? नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, अशी बेने इस्रायली ज्यू लोकांची परंपरेनं चालत आलेली गोष्ट आहे. पुढे ते याच गावांत राहिले, तेल्याचा धंदा केला, शनिवारी घाणा बंद ठेवला म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. पेणचे ते पेणकर, रोह्याचे ते रोहेकर. पेणमध्ये १८६३ पासून त्यांचं प्रार्थनामंदिर आहे. कुणी त्यांचा छळ केला नाही. माणुसकी असली की झालं."

कोकणाच्या इतिहासातलं हे पान मलाही अभिमानाचं वाटतं, आणि म्हणूनच त्यावर किती भार टाकायचा याचा विचार करावा लागतो. गलबतातून आलेल्या मूठभर लोकांना गावानं सामावून घेतलं, पण ते जातीच्या उतरंडीत एक जागा देऊन. तेली म्हणून आसरा मिळाला, बरोबरीचा नागरिक म्हणून नव्हे. तो हक्क पुढे राज्यघटनेनं दिला. दुसरं असं की रूढी एका किनाऱ्यावर, थोड्या माणसांपुरती चालते. १९३८ च्या जुलैमध्ये फ्रान्समधल्या एव्हियाँ इथे ३२ देश जमले होते. जर्मनी आणि ऑस्ट्रियातून बाहेर पडू पाहणाऱ्या ज्यूंना कोण घेणार, एवढाच प्रश्न होता. सहानुभूतीची भाषणं झाली, पण जास्त माणसं घ्यायला डॉमिनिकन रिपब्लिक सोडून जवळपास कोणीच पुढे आलं नाही. या देशांतली माणसं कोकणातल्या माणसांपेक्षा निष्ठुर होती असं मी मानत नाही. माणुसकी होती, पण तिच्या जोडीला कोणतंही बंधन नव्हतं. १९५१ च्या करारामागे ही नामुष्कीही होती. उलट उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, त्यात बहुतेक बायका आणि मुलं. तिथे कोल्हापूरकरांची आपुलकी होती, आणि खर्चाची, शाळांची, दवाखान्याची जबाबदारी घेणारी सीमापारची व्यवस्थाही होती. दोन्ही होतं म्हणून पाच वर्षं निभावली. आणि पेणकर-रोहेकरांपैकी जे इस्राएलला गेले त्यांच्या विवाहयोग्यतेवर तिथल्याच धर्मपीठानं शंका घेतली. त्यांनी आंदोलन केलं आणि १९६४ मध्ये तिथल्या संसदेला ते सर्वार्थानं ज्यू असल्याचं जाहीर करावं लागलं. स्वतःच्या धर्मबांधवांमध्ये गेल्यावरही माणुसकी पुरली नाही, लेखी शब्द लागला.

"लेखी शब्द आम्हीही मिळवलेत," ताई म्हणतात, "आणि बाहेरच्या कुणाच्या मदतीशिवाय. महामुंबई सेझ (विशेष आर्थिक क्षेत्र) आलं तेव्हा कोणती जागतिक संस्था धावून आली होती? २१ सप्टेंबर २००८ ला हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्यांनी मत दिलं, जमीन देणार नाही म्हणून सांगितलं आणि तो प्रकल्प मागे पडला. त्याआधी चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सहा वर्षं खोतांविरुद्ध संप चालवला. लढा इथला, माणसं इथली, जिंकलो ते इथेच."

पेणच्या त्या जनमताचं मोल कमी करण्याचा माझा हेतू नाही. देशात सेझविरुद्ध शेतकऱ्यांना अशी अधिकृत मतपेटी फार थोड्या ठिकाणी मिळाली. पण ताई, त्या दिवशी मत कुणाला होतं? ज्याची जमीन जाणार होती त्याला, म्हणजे ज्याचं नाव सातबाऱ्यावर होतं त्याला. ज्या कातकरीवाडीची घरंच दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या उभी आहेत, गावठाण म्हणून ज्यांची कुठे नोंद नाही, त्यांना अशा मोजणीत जागा नव्हती. आणि सातबाऱ्यावर बाईचं नाव किती ठिकाणी असतं हे तुम्ही मला शिकवावं, मी तुम्हाला नव्हे. स्थानिक लढ्याचीही एक व्याख्या असते आणि तीतूनही कुणी तरी बाहेर राहतं. बाहेर राहिलेल्याला गावाच्या वरच्या पातळीवर दाद मागायची सोय असावी, म्हणून मला दूरचे करार हवे आहेत.

रोगांच्या बाबतीत हा मुद्दा सगळ्यांत स्पष्ट दिसतो. साथ म्हटलं की करोना डोळ्यांपुढे येतो, पण मी कुष्ठरोग निवडतो. तो हळू पसरतो, बातमीत येत नाही, आणि रायगडला तो परका नाही. पनवेलजवळ नेऱ्याला कुष्ठरोग निवारण समितीचं शांतिवन १९५१ पासून उभं आहे ते उगाच नव्हे. पूर्वी डॅप्सोन हे एकच औषध वर्षानुवर्षं, कधी जन्मभर घ्यावं लागे आणि जंतू त्याला सरावू लागले होते. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटानं दोन-तीन औषधं एकत्र देण्याची शिफारस केली. १९९५ पासून ही औषधं जगभर फुकट मिळू लागली. सुरुवातीला खर्च जपानच्या निप्पॉन फाउंडेशननं उचलला, २००० पासून नोव्हार्टिस कंपनी ती पुरवते. रोह्यातल्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात जे पाकीट ठेवलेलं असतं ते असं आलेलं आहे. जास्त चट्टे असलेल्या मोठ्या माणसाचं पाकीट २८ दिवसांचं असतं. पहिल्या दिवशीचा डोस आरोग्यसेविकेच्या समोर घ्यायचा: रिफॅम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन. त्या दिवशी लघवी लाल होते, ते आधी सांगितलं नाही तर माणूस घाबरून औषधच टाकतो. पुढचे २७ दिवस क्लोफाझिमिनची एक आणि डॅप्सोनची एक अशा दोन गोळ्या घरी. अशी बारा पाकिटं. चट्टे पाचपर्यंत असतील तर सहाच महिन्यांची औषधं. देशात १९८३ मध्ये दर दहा हजार लोकसंख्येमागे ५७.८ नोंदलेले रुग्ण होते, २००५ च्या अखेरीस ते प्रमाण एकाच्या खाली आलं. एवढं काम पेणच्या किंवा दिल्लीच्या एकट्या बळावर झालं नसतं.

ताई लगेच अडवतात. "एकाच्या खाली आलं आणि तुम्ही निर्मूलन झालं म्हणून पेढे वाटलेत. उपचार बारा महिन्यांवर आले की वर्षभरात रुग्णाचं नाव यादीतून जातं, मग आकडा खाली येणारच. घरोघर जाऊन चट्टा शोधणारी वेगळी माणसं होती, ती सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळली. वाडीवरच्या बाईच्या पाठीवरचा बधिर चट्टा आता कोण बघणार? तो दुखत नाही, खाजत नाही, तिला स्वतःला तो दिसतही नाही. आणि औषध सुरू केलंच, तर दिवाळीनंतर ती भट्टीवर. बारा पाकिटं अठरा महिन्यांत आणि सहा पाकिटं नऊ महिन्यांत संपली पाहिजेत असा तुमचा नियम. भट्टीचा हंगाम सहा-सात महिन्यांचा. म्हणजे सहा पाकिटंवाली बाई हमखास 'उपचार सोडलेली' म्हणून नोंदली जाणार. तिनं उपचार सोडले की उपचारांनी तिला सोडलं?"

या आक्षेपातला प्रत्येक शब्द मला मान्य आहे. दहा हजारांत एक हा उंबरठा नियोजनासाठी ठरवला होता, आणि तो गाठताच काम संपल्याची भावना पसरली. त्यानंतरही भारतात वर्षाला लाखभर नवे रुग्ण सापडत होते, जगातल्या निम्म्याहून जास्त. त्यात बायकांची अडचण आणखी वेगळी. क्लोफाझिमिननं कातडी काळवंडते. औषध थांबल्यावर ती हळूहळू पूर्ववत होते, पण तोपर्यंत सासरी प्रश्न सुरू झालेले असतात. तरीही, ताई, याच ठिकाणी बाहेरच्या यंत्रणेनं आपला नियम वाकवलेला आहे हे ध्यानात घ्या. सतत फिरणाऱ्या रुग्णांना सगळी पाकिटं एकदम द्यावीत आणि घरातल्या किंवा ओळखीच्या एका माणसाला सोबती नेमावं, अशी मुभा जागतिक आरोग्य संघटनेनं या शतकाच्या सुरुवातीलाच दिली. तुम्ही म्हणाल, पाकिटं दिली, पण भट्टीवर असताना मज्जातंतू सुजले, बोटं वाकडी व्हायला लागली, तर कुणाकडे जायचं? खरं आहे, तिथे तातडीनं प्रेडनिसोलोन लागतं आणि ते पाकिटात नसतं. म्हणूनच मुभा पुरत नाही; निघतेवेळी बाईच्या हातात पाकिटांबरोबर ती जिथे जाणार त्या तालुक्यातल्या आरोग्य केंद्राला लिहिलेली चिठ्ठी हवी, आणि तिथल्या आशाताईला भट्टी आपल्या हद्दीत आहे हे माहीत हवं. हे काम पेणलाच करावं लागेल. पण पाकीट पेणला बनत नाही आणि ते फुकट मिळण्याचा करारही पेणला झालेला नाही, हे विसरून कसं चालेल?

कुष्ठरोगाचा धागा स्त्रियांच्या हक्कांपर्यंत सरळ जातो. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात जोडीदाराचा कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण होतं. मुस्लिम विवाहविच्छेद, विशेष विवाह, ख्रिस्ती घटस्फोट आणि दत्तक-निर्वाह या कायद्यांतही कुष्ठरोगाचं कलम होतं. औषध आलं, रोग बरा होऊ लागला, कलमं तशीच राहिली. हिंदू विवाह कायद्यासारख्या कायद्यांत ती नवरा-बायको दोघांनाही लागू होती, पण घराबाहेर कोण काढलं जाणार हे सांगायला आकडेवारी लागत नाही. डिसेंबर २०१० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेनं कुष्ठरोगबाधितांविरुद्धचा भेदभाव संपवण्याचा ठराव केला. २०१५ मध्ये आपल्या विधी आयोगानं २५६ व्या अहवालात त्या ठरावाच्या आधारानं ही कलमं काढायला सांगितलं, आणि २०१९ च्या फेब्रुवारीत संसदेनं ती काढली. आठ वर्षं लागली, याचा मला राग आहे. पण 'निरुपयोगी ठराव' म्हणताना ही साखळी डोळ्यांआड करता येत नाही.

"कायद्यातून कलम गेलं म्हणून सासूच्या मनातून जातं का?" ताई विचारतात. "आणि तुमचा तो महिलांवरच्या भेदभावाविरुद्धचा जागतिक करार. भारतानं १९८० मध्ये सही केली, १९९३ मध्ये मान्यता दिली, आणि देताना काय लिहून दिलं? कोणत्याही समाजाच्या वैयक्तिक बाबतीत त्या समाजाच्या पुढाकाराशिवाय हात घालणार नाही. एवढ्या मोठ्या देशात लग्नांची सक्तीची नोंदणी व्यवहार्य नाही. म्हणजे ज्या वाडीवर पोरीचं लग्न लवकर लागतं तिथेच करार हात वर करतो."

हा आक्षेप खोडून काढता येणार नाही, आणि मला काढायचाही नाही. पण त्या लेखी शर्तीनंतर काय घडलं ते पाहू. राजस्थानात बालविवाह थांबवायला गेलेल्या भंवरीदेवी या 'साथिन'वर (गावपातळीवरच्या सरकारी महिला कार्यकर्तीवर) बलात्कार झाला, आणि त्या प्रकरणातून उभ्या राहिलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं १९९७ मध्ये विशाखा निकाल दिला. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाबद्दल तेव्हा देशात स्वतंत्र कायदा नव्हता. न्यायालयानं ती पोकळी याच जागतिक कराराच्या आधारानं भरली. २०१३ मध्ये त्याचा कायदा झाला. लग्नांच्या नोंदणीचंही तसंच: जी १९९३ मध्ये अव्यवहार्य ठरवली होती, ती महाराष्ट्रानं पाच वर्षांत, १९९८ मध्ये, कायद्यानं आणली. लैंगिक छळाविरुद्धच्या त्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहापेक्षा कमी माणसं असलेल्या कामाच्या ठिकाणची बाई, किंवा जिची तक्रार खुद्द मालकाविरुद्ध आहे ती बाई, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाऊ शकते. वीटभट्टीवर गारा मळणारी बाई यात बसते. रायगडची ती समिती अलिबागला. भट्टीवरची किती जणी तिथवर जातील, हा प्रश्न ताई मला विचारतील त्याआधी मीच विचारतो. जाण्यासाठी आधी ती तिथे मजूर आहे हे सिद्ध व्हावं लागतं, आणि ते होत नाही. भट्टीवर दर हजार विटांमागे ठरतो आणि तो जोडीचा ठरतो. ती गारा मळते, तो साच्यातून विटा थापतो, मग ती कच्च्या विटा उलटते, रचते. शेठच्या वहीत नाव एकच, त्याचं. तिच्या श्रमाची मोजणी झालेलीच नाही. इथे उणीव जिनिव्हाच्या कागदात नाही, शेठच्या वहीत आहे, आणि ती वही तपासण्याचा अधिकार आपल्याच कामगार खात्याला आहे.

मोजण्याची पद्धत बदलता येते याचा पुरावा आपल्याकडे आहे. पोलिओच्या घरोघर फिरणाऱ्या मोहिमेत सुरुवातीला घर हे एकक होतं. दाराला कुलूप दिसलं की तशी खूण करून पुढे जायचं. वीटभट्ट्या, बांधकामं, भटक्यांचे तळ इथली मुलं अशी सुटतात हे लक्षात आल्यावर या जागांच्याच याद्या केल्या गेल्या आणि मूल आज जिथे आहे तिथे डोस जाऊ लागला. देशातला वन्य पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला. २७ मार्च २०१४ ला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. त्या मोहिमेत पैसा आणि तंत्र बाहेरचं बरंच होतं. उन्हातान्हात भट्टीवर चालत गेलेल्या अंगणवाडीसेविका इथल्या होत्या. तेव्हा ताईंनी मला बाहेरचं आणि इथलं यांतलं एक निवडायला सांगू नये.

"मग आता काय करायचं ते सांगा," ताई म्हणतात, "पोलिओची ती यादी मोहिमेबरोबर मिटली." पुरती मिटली नाही. स्थलांतरित बालकं, गरोदर आणि स्तनदा माता यांचा माग ठेवण्यासाठी राज्याच्या महिला व बालविकास विभागानं २०२१ नंतर संगणकीय प्रणाली सुरू केली आहे. तिचा हेतू पोषण आहे. तिच्यात कुष्ठरोगाच्या चालू उपचारांचा रकाना घालायला नवा करार लागणार नाही. भट्टीवर प्रत्यक्ष राबणाऱ्या बाईचं मजूर म्हणून नाव घालायलाही लागणार नाही. हे दोन रकाने पेण आणि रोहा या दोन तालुक्यांत दिवाळीच्या आत भरून बघता येतील. आणि जिनिव्हाला पुढच्या वेळी आकडे जातील, तेव्हा 'उपचार सोडलेल्या' या शीर्षकाखाली ज्या बायका आहेत त्यांतल्या किती जणी हंगामावर गेल्या होत्या, हे या दोन तालुक्यांनी वेगळं लिहून पाठवावं.